ठकीच्या दोन पाटल्या

डोंबिवली,
८ ऑगस्ट १९५५

ती. दादा,
सा. न.

चार वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस. माझी प्रकृती ठणठणीत आहे, शाळेतली नोकरी चालू आहे. आईच्या हरवलेल्या पाटलीचा विषयही आज काढणार नाही. पत्राचं कारण वेगळं आहे आणि ते वाचून तू नक्की हसशील, म्हणून आधी बसून घे.

आईची ठकी माझ्याकडे आहे. हो, तीच. काळी-पांढरी, नाकावर शाईचा डाग पडल्यासारखी. आईच्या चौदाव्याच्या दिवशी तुझ्या बायकोशी भांडून मी घराबाहेर पडले ना, तेव्हा भांडी घासणारी गंगूबाई आळीच्या तोंडाशी टोपली घेऊन उभी होती. "ताय, हा तुमचे आयशीचा जनावर हाय. घेऊन जा. घरान कोनाला सांगू नको," एवढंच म्हणाली आणि कोलशेतच्या वाटेला लागली. मी काय ते समजले. सासू गेल्यावर सासूच्या मांजराला त्या घरात कोण ठेवणार? गंगूबाईने बिचारीने वाचवलं. तेव्हापासून ती माझ्याजवळ आहे. मागचा एक पाय जरासा ओढते, पण खिडकी काही सोडत नाही.

आता दुखणं. सांगायला लाज वाटते, पण सांगते. तिला शौचाला होत नाही. राखेच्या खोक्यात जाऊन बसते, कुंथते, ओरडते, आणि तशीच बाहेर येते. चार-पाच दिवस गेले की पोट दगडासारखं होतं, ओकाऱ्या सुरू होतात. एरंडेल झालं, दुधात तूप झालं, लाल भोपळा उकडून झाला. कल्याणच्या गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर दर तीन आठवड्यांनी एनिमा देतात. त्यांचा हात बैलांना सरावलेला, पहिल्या खेपेला औषधही त्याच मापाने ओतत होते. मोकळी होते, पुन्हा तेच. आता ते विचारतात, हे दुखणं कधीपासूनचं? लहानपणी काही लागलं होतं का? मला काय माहीत? तेव्हा ती तुमच्याकडे होती. आठवून कळव. तुझ्या बायकोला विचारू नकोस. तुला काय आठवतं तेवढंच लिही.

तुझी,
सरोज


ठाणे,
११ ऑगस्ट १९५५

चि. सरोज हिस आशीर्वाद.

तुझं पत्र कचेरीत मिळालं आणि टेबलाशीच मी ते तीनदा वाचलं. ठकी जिवंत आहे? अगं, ती मेली! म्हणजे मेली असं मी चार वर्षं धरून चाललोय. आई असतानाच एक दिवस ती दिसेनाशी झाली, आणि आईने सांगितलं, तिचं नाव माझ्यापुढे कोणी काढायचं नाही. आम्ही समजलो, आईला फार लागलंय. तूही एकदा तिला विचारलं होतंस आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवलं होतं, आठवतं? आणि ही गंगूबाई अजून रोज आमच्याकडे भांडी घासते. एका शब्दाने बोलली नाही.

दुखण्याचं विचारतेस. आमच्याकडे तिला कसलंच दुखणं नव्हतं. मी तिला शेवटची पाहिली ती ५१ सालच्या फाल्गुनात, बाबांच्या श्राद्धाच्या दिवशी. तुझी शाळेची परीक्षा होती म्हणून तू आली नव्हतीस. सकाळी ओट्यावर अंग चाटत बसली होती. आपल्याकडे श्राद्धाला तिला डालीखाली झाकायचा आईचा नेम, तेव्हा नंतर झाकलीच असणार. तो दिवस लक्षात राहिला कारण पानं फार उशिरा मांडली. भटजी ताटकळले होते, स्वयंपाकघरात मोठ्ठा आवाज झाला, आई आतून म्हणाली, "पाट निसटला हातातून," आणि मग खीर पुन्हा करावी लागली. संध्याकाळी ठकी नव्हती. एवढंच.

पण सरोज, बहीण म्हणून सांगतो. मांजराला एनिमा? तोही दर तीन आठवड्यांनी? तुझा पगार तो केवढा. डोंबिवलीहून ठाण्याला यायला तिकीट फार पडत नाही आणि आमच्या गावचं वेड्यांचं इस्पितळ मोठं प्रसिद्ध आहे, एवढं ध्यानात ठेव. सोबत वीस रुपयांची मनिऑर्डर करतोय. मांजरावर घालव नाहीतर स्वतःवर, हिशेब मागणार नाही. कलाला यातलं काही बोललो नाही. तुझं नाव निघालं की ती गप्प होते आणि दिवसभर गप्पच राहते.

त्र्यंबक


डोंबिवली,
२९ ऑगस्ट १९५५

ती. दादा,

कल्याणच्या डॉक्टरांनी हात टेकले म्हणून मी ठकीला मुंबईला जनावरांच्या इस्पितळात नेलं. तिथे एक वयस्क पारशी डॉक्टर आहेत. त्यांनी पोट चाचपलं, कंबर चाचपली आणि म्हणाले, फोटो काढायचा. मांजराचा एक्स-रे! मी हसले. चार माणसांनी धरून तो काढला. तासाभराने डॉक्टरांनी मला खिडकीपाशी बोलावलं, ती काळी काच उजेडाला धरली आणि बोट ठेवलं.

ठकीची कंबर मोडलेली आहे. आज नाही, तीन-चार वर्षांपूर्वी. हाड वाकडं जुळून आलंय आणि आतली वाट निम्मी झाली आहे. मळ तिथे अडकतो. म्हणून पाय ओढते, म्हणून हे सगळं. मी विचारलं, पडली असेल का? ते म्हणाले, "मांजर पडून असं होत नाय बाई. कोणी तरी जड वस्तू मारली, वरून, जोरात."

कोणी, दादा? आईने? जी आई मुंग्यांच्या वारुळाला साखर घालायची, पाल मारली म्हणून शेजारच्या मधूशी महिनाभर बोलली नाही? तू तर ओसरीवर भटजींसमोर बसला होतास. मग स्वयंपाकघरात आणखी कोण होतं? आईच्या हातून पाट निसटला म्हणे! आईने कुणाला तरी पाठीशी घातलं, दुसरं काय? ठकी घरात नकोशी कुणाला होती, तिचे केस दुधात येतात म्हणून कोण कुरकुरायचं, हे तुला ठाऊक आहे. मी नाव लिहीत नाही. तूच विचार.

डॉक्टर म्हणतात दोन वाटा आहेत. एक इंजेक्शन देऊन तिला कायमची मोकळी करायची. दुसरी, दहा दिवस इस्पितळात ठेवून पोट साफ करायचं आणि पुढे जन्मभर रोज पॅराफिन, पातळ खाणं, पोट चोळणं, अधूनमधून एनिमा. दुसरीला खर्च फार. मी दुसरी सांगितली. आईचं म्हणावं असं माझ्याकडे तिच्याशिवाय आणि एका पाटलीशिवाय काय आहे? पैशांची सोय माझी मी करेन. मनिऑर्डर पाठवू नकोस.

सरोज


ठाणे,
२ सप्टेंबर १९५५

चि. सरोज,

तू साप साप म्हणून भुई धोपटतेयस. कला झुरळाला घाबरते. मांजराची कंबर काय मोडणार? कुरकुर करायची हे खरं, पण रोज सकाळी ठकीच्या वाटीत दूध तीच ओतायची, हे तू कधी पाहिलं नाहीस. वर्षातून चारदा येणाऱ्या माणसाला घर चारदाच दिसतं.

हे लिहून पत्र पाकिटात घालणार होतो. पण मग राहवलं नाही, म्हणून काल जेवताना सहज विचारावं तसं तिला विचारलं, "बाबांच्या त्या श्राद्धाला पाट पडला, तेव्हा तू कुठे होतीस गं?" सरोज, तिच्या हातातली आमटीची पळी तशीच राहिली. चेहरा पांढराफटक. म्हणाली, "आज एकदम हे कुठून आठवलं?" आणि आत निघून गेली. जेवली नाही. ठकी जिवंत असल्याचं मी तिला सांगितलेलं नव्हतं, अजूनही नाही. आता मला सांगायचीच भीती वाटते.

एकवीस वर्षं संसार केला मी या बाईशी. मला काही सुचेनासं झालंय. तू इतक्यात काही करू नकोस, बोलू नकोस. ठकी कशी आहे?

त्र्यंबक


डोंबिवली,
१३ सप्टेंबर १९५५

दादा,

ठकी बरी आहे. कालच घरी आणली. पोट मऊ आहे, दुधात कुस्करलेला भोपळा खाल्ला, आणि आज सकाळी राखेच्या खोक्यात जे झालं त्यासाठी मी देवापुढे साखर ठेवली. हस हवं तर.

आता दुसरं ऐक आणि हे पत्र तुझ्या बायकोला मोठ्याने वाचून दाखव.

इस्पितळाचे पैसे भरायला मी माझी पाटली विकली. आईने जिवंतपणीच वाटणी सांगून ठेवली होती, एक सरोजची, एक कलावतीची. माझी मला ती गेली त्या वर्षीच्या संक्रांतीला तिने हाताने घातली. दुसरी ती गेल्यावर कडीकोयंडा लावलेल्या पेटीत सापडली नाही. पेटीची किल्ली कुणाच्या कमरेला असायची हे मी चौदाव्याला सर्वांसमोर बोलले, आणि तुझी बायको एक अक्षर बोलली नाही. तेव्हा तू मलाच घराबाहेर जायला सांगितलंस.

मी पाटली घेऊन कल्याणला विठ्ठलशेटकडे गेले. त्यांच्या वडिलांनीच ती जोडी घडवली होती, म्हटलं, आपल्या सोनाराकडे जावं. विठ्ठलशेटनी पाटली तळहातावर फिरवली, आतला ठसा बघितला आणि म्हणाले, "ताई, हिची जोडीदारीण चार वर्षांमागे मीच मोडली की. तुमच्या वहिनीबाई आल्या होत्या घेऊन. एकट्याच. चैत्र होता." मी विचारलं, मोडून काय केलं? तर म्हातारा खाली बघून तराजू पुसायला लागला. म्हणाला, "ते त्यांनाच विचारा, मला बोलायची मनाई आहे."

दादा, चैत्र! आई अजून जिवंत होती! तिच्या पेटीतली पाटली तिच्या डोळ्यांदेखत काढून, कल्याणला नेऊन मोडली. हातच्या कांकणाला आरसा कशाला? दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही, दोन तास आपण उन्हात उभे होतो, शेवटी दर्भाचा कावळा करावा लागला. तेव्हाच मला कळलं होतं की आईचा जीव पाटलीत अडकलाय. सोनं गेलं त्याचं दुःख नाही. पण आधी मांजराची कंबर मोडायची आणि महिन्याभरात सासूची पेटी फोडायची, आणि वर इतकी वर्षं गरीब गाय होऊन बसायचं! आणि तू डोळे मिटून दूध पितोस.

आता माझ्याकडेही पाटली उरली नाही. समसमान झाली वाटणी. तिला सांग.

सरोज


ठाणे,
१७ सप्टेंबर १९५५

सरोजवन्संस कलावतीचा नमस्कार.

तुमचं पत्र यांनी मला वाचून दाखवलं. मोठ्यानेच, तुम्ही सांगितलं होतं तसं. मी ऐकायला बसले, आणि पहिल्याच ओळीला "ठकी बरी आहे, कालच घरी आणली" हे ऐकलं आणि मी यांचा हात धरला. म्हटलं, परत वाचा. तीनदा वाचायला लावलं. पुढचं तुमचं बोलणं मला नीट ऐकूच आलं नाही.

मला शपथ आहे. सासूबाईंनी स्वतःच्या गळ्यावर माझा हात ठेवून घेतलेली. ती आज मोडते. जे झाकायला शपथ घेतली तेच झालेलं नाही, मग शपथ तरी कशाला पाळू?

ठकीला पाट सासूबाईंनी मारला.

झालं ते असं. त्या दिवशी सोवळ्यात त्या एकट्या. मी बाहेर पत्रावळी पुसत होते. डालीवर दगड ठेवायचा राहिला आणि ठकी निसटली. खिरीच्या पातेल्यात तिने तोंड घातलं ते नेमकं भटजी पानावर बसायच्या वेळेला. सासूबाई पहाटेपासून उपाशी, दोनदा चूल विझलेली, सासऱ्यांचं श्राद्ध. हातात पाट होता. फेकला. मी धावत आत आले तर ठकी पडलेली, डोळे फिरलेले, तोंडातून खीर आणि रक्त. सासूबाई पाटासारख्याच ताठ उभ्या. मला म्हणाल्या, "कला, माझ्या हातून मांजर मेलं." बाहेरून यांनी विचारलं आणि त्यांनी उत्तर दिलं, ते तुम्हाला ठाऊक आहे. मग मी ठकीला फडक्यात गुंडाळून गंगूबाईच्या टोपलीत घातलं. म्हटलं, खाडीत सोड. वर एक लुगडं दिलं, कुठे बोलू नकोस म्हणून.

मांजर मारल्याचं पाप सोन्याची मांजर दान केल्याशिवाय फिटत नाही, हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय. तुम्ही हसाल, त्या हसल्या नाहीत. त्यांनी अन्न टाकलं. वीस दिवसांत निम्म्या झाल्या. पेटीची किल्ली माझ्या कमरेला होती हे खरं, पण पाटली त्यांनी आपल्या हाताने काढून दिली. माझी, माझ्या वाटणीची. "तुझी घेऊ का गं? सरोजची तिच्या हातात आहे, ती परत मागितली तर कारण सांगावं लागेल," असं म्हणाल्या. मी नाही म्हणणार होते का? विठ्ठलशेटने मांजर केली खरी, पण कान उंच झाले, सशासारखी दिसायची. सासूबाई बघून म्हणाल्या, "असू दे. चित्रगुप्ताला कळेल." तेवढंच एकदा हसलेलं मी त्यांना शेवटच्या दिवसांत पाहिलं. काशीला निघालेल्या एका भटजींच्या ओंजळीत ती घातली.

आणि मग शपथ. "मुलांना कळता कामा नये. सरोजला तर मुळीच नाही. ती माझ्याकडे बघते तशी पुन्हा बघणार नाही." म्हणून चौदाव्याला तुम्ही सगळ्यांसमोर मला चोर म्हणालात तेव्हा मी गप्प बसले. दान केलं म्हटलं असतं तर कशाचं दान हेही सांगावं लागलं असतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी चार वर्षं खाल्ला. वन्सं, मला राग नव्हता असं लिहिणार नाही. होता. आहे. पण त्यांना शब्द दिला होता.

तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी गंगूबाईला समोर बसवलं. ती रडायलाच लागली. खाडीवर पोचल्यावर फडकं हललं म्हणे. तिच्याने सोडवलं नाही. घरी नेलं, हळद लावली, तिच्या सुनेने दोन महिने कापसाने पेज पाजली. "मग सांगितलं का नाहीस?" म्हटलं. तर म्हणाली, "वैनी, तुमी लुगरा दिला व्हता खारीन सोरासाठी. काम नाय केला नि लुगरा घेतला, कसा सांगू? नि मोठ्या बायनी तर मांजराचा नावच कारू नको म्हनून सांगलेला." खाडीत सोडलं नाही म्हणून चोरटेपणा वाटला तिला! सासूबाई गेल्यावर तिला वाटलं, निदान लेकीला तरी द्यावं.

वन्सं, मला बाकी कशाचं काही वाटत नाही आता. एकच मनातून जात नाही. सासूबाई आश्विनात गेल्या तोवर ठकी कोलशेतला उन्हात बसत होती. गंगूबाई रोज आमच्या मोरीत भांडी घासत होती आणि आत खाटेवर सासूबाई "माझ्या हातून मांजर मेलं" म्हणत झुरत होत्या. मध्ये एक दार. कुणी एक वाक्य बोललं असतं तर! कावळा पाटलीसाठी अडला नव्हता. तो ठकीसाठी अडला होता. मला तेव्हाच ठाऊक होतं, मी लांबून हात जोडून सांगितलं, "सासूबाई, फिटलं हो पाप." पण मी तरी खोटंच सांगत होते ना. फिटायला पाप झालंच कुठे होतं?

यांनी तीन दिवस कचेरीत पाऊल ठेवलेलं नाही. तुमच्या पत्राची वाट बघतात.

कलावती


डोंबिवली,
२१ सप्टेंबर १९५५

ती. सौ. वहिनी,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र कालपासून पदरात घेऊन बसले आहे. शाळेत गेले नाही. ठकी मांडीवर आहे आणि तिच्या कमरेवरून हात फिरवताना आता दर वेळी तो उंचवटा लागतो. आईचा हात. माझ्या आईचा, जिच्यावरून मी वर्गात मुलींना दयेचे धडे देते. काल मला तिचा इतका राग आला की तिची तसबीर मी उलटी केली. संध्याकाळी सुलटी केली. उपाशीपोटी, चूल विझलेली, हातात पाट. माझ्या हातून काय झालं असतं, कुणी सांगावं?

आणि खरंच काय कमी झालं माझ्या हातून? आईने एकदा पाट फेकला, तोही मांजरावर. मी चौदाव्याला वीस माणसांसमोर तुमच्यावर चोरीचा आळ फेकला आणि चार वर्षं तो उचलला नाही. मांजरापायी सोन्याची मांजर द्यायची असते. वहिनी, माणसापायी कसली मूर्ती करायची? सांगा, मी करते. पण करू कशाची? माझी पाटलीही ठकीच्याच पोटात गेली. एक तिच्या मरणासाठी मोडली, एक तिला होत नव्हतं म्हणून. आईने हौसेने घडवलेली जोडी, आणि दोन्ही घातल्या कुणी तर या लंगड्या मांजराने! हे लिहिताना मी हसतेय आणि पुढचं दिसत नाही.

मी चुकले. हे चौदाव्याला जितक्या मोठ्याने बोलले तितक्याच मोठ्याने, त्याच ओसरीवर उभी राहून सांगायचं आहे. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी आईचं श्राद्ध असतं. चार वर्षं मी त्या घरी पाऊल ठेवलं नाही. बोलवाल का? ठकीला मागे ठेवता येत नाही, रोज पॅराफिन लागतं. पण श्राद्धाच्या घरी मांजर आणू कशी?

तुमची,
सरोज


पोस्टकार्ड
ठाणे, २४ सप्टेंबर १९५५

वन्सं,

बोलवायला तुम्ही काय पाहुण्या आहात? आदल्या दिवशीच या. मूर्ती वगैरे काही नको. चौदाव्याला होती त्यातली जितकी माणसं आळीत उरलीत तितकी मी जेवायला सांगितली आहेत, ओसरीवरचं तुमचं काम तेवढं उरका. उघड्या कार्डावर याहून जास्त लिहीत नाही, पोस्टमन वाचतो.

ठकीला आणाच. डाल मी चुलीत घातली, पाटही. खीर दोनदा करणार आहे, पातळ, तिच्या पोटाला सोसेल अशी. पहिली वाटी तिची. भटजींना सांगणार नाही. यंदा कावळ्याची वाट बघायची नाही असं यांनी आणि मी ठरवलंय. ठकीने खिरीला तोंड लावलं की मी समजेन, सासूबाईंना पोचलं.

कलावती